बोट्स्वानाचा गणपती

नऊ दिवस मी इंग्लंडमध्ये होते आणि त्यातले सात मी जेवत होते. परत आल्यापासून जो तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" राजवाडा पाहिला नाही, घड्याळाचा मनोरा पाहिला नाही, नदीकाठचं ते मोठं फिरतं चाक बसच्या खिडकीतून दिसलं, असं सांगितलं की विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते. मी काही पाहायला गेले नव्हते. मी एक वही आणायला गेले होते.

मी नगरच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर ज्या देशांना जगाने देश मानलंच नाही, अशा देशांच्या सैन्यांवर पुस्तक लिहायला घेतलं. "बाई, मराठ्यांच्या आरमारावर लिहा की," असा सल्ला मला भाजीवालीपासून माजी प्राचार्यांपर्यंत सगळ्यांनी दिला. आरमारावर लिहिणारे पुष्कळ आहेत. व्हेंडाच्या सैन्यावर मराठीत लिहिणारी मी एकटीच.

व्हेंडा म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेच्या कोपऱ्यातला एक डोंगराळ तुकडा. वर्णभेदाच्या काळात गोऱ्या सरकारने काळ्या लोकांसाठी असे तुकडे कापून ठेवले आणि त्यातल्या चारांना 'जा, तुम्ही स्वतंत्र' म्हणून सांगून टाकलं. म्हणजे तिथल्या माणसांचं दक्षिण आफ्रिकेचं नागरिकत्व आपोआप गेलं. व्हेंडाला हे स्वातंत्र्य १९७९ साली मिळालं. झेंडा आला, राष्ट्रगीत आलं, सैन्यही आलं. सुरुवातीला पोलीस, तुरुंगाचे शिपाई आणि सैनिक सगळे एकाच दलात, पुढे सैन्य वेगळं झालं. शिपाई काळे, वरचे साहेब प्रिटोरियाहून पाठवलेले गोरे. या देशाला दक्षिण आफ्रिका आणि तिनेच कापलेले बाकीचे तुकडे सोडले तर कोणीही मान्यता दिली नाही. १९९० मध्ये याच सैन्याने आपल्याच सरकारला खुर्चीवरून उठवलं, आणि १९९४ मध्ये देश आणि सैन्य दोन्ही संपले. एवढाच जीव. पण या एवढ्याशा जीवाबद्दल आतून सांगणारा एक माणूस आमच्याच घरात निघाला.

माझा मामेभाऊ डॉक्टर माधव. माधवदादा ऐन तारुण्यात इंग्लंडला गेला, तिथल्या हॉस्पिटलात नोकरी करून तिथलाच नागरिक झाला. मधली तीन वर्षं तो बायको-मुलीसह बोट्स्वानात होता, असं आमच्या सगळ्या कुटुंबाला माहीत होतं. तिथून शालिनीवहिनींची पत्रं यायची. त्या वेळी मी नुकतीच नोकरीला लागून मामांकडे राहत होते. मामी कधीच गेल्या होत्या आणि मामांची नजरही गेली होती, त्यामुळे पत्रं वाचून दाखवायचं काम माझं. मामा बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले, शेवटपर्यंत खादी वापरलेले. दक्षिण आफ्रिकेचं नुसतं नाव निघालं तरी पानावरून उठतील असे. आपल्या पासपोर्टवर तेव्हा स्वच्छ छापलेलं असायचं की हा दक्षिण आफ्रिकेला चालणार नाही. माधवदादाचा पासपोर्ट मात्र ब्रिटिश होता.

दोन वर्षांपूर्वी त्याचं पत्र आलं. 'कुंदा, मी बोट्स्वानात कधीच नव्हतो. तीन वर्षं व्हेंडाच्या सैन्यात डॉक्टर होतो. तू त्या सैन्यावर लिहिते आहेस असं केतकी म्हणाली. माझी एक वही आहे, ती येऊन घेऊन जा. हे पत्र शालिनीला दाखवू नकोस.' हे वाचून मला धक्का बसला असं लिहिलं तर बरं दिसेल. पण बसला नाही. का, ते पुढे येईलच. मी उलट टपाली कळवलं, 'व्हिसा मिळाला की निघते, बाकी सगळं समक्ष बोलू.' व्हिसासाठी मी हयातीत काढले नव्हते एवढे कागद काढले. कागद पुरे होईपर्यंत सहा आठवडे गेले आणि माधवदादाही गेला. मग माझ्याच गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, मग वहिनी 'पुढच्या उन्हाळ्यात या' म्हणाल्या. अशी दोन वर्षं गेली.

स्टॅनमोर

विमानतळावर केतकी आली होती. माधवदादाची मुलगी, पिनरला राहते, शाळेत मुख्याध्यापिका आहे. व्हेंडातून परत आले तेव्हा ती दहा वर्षांची होती. मला बघून तिने घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, "आत्या, तुझा फ्लाइट ठीक होता ना? तुझं बॅग मी घेते, यू मस्ट बी एक्झॉस्टेड." तिचं मराठी ऐकून माझ्यातली मास्तरीण जागी झाली, पण मी जीभ आवरली. इथे जन्मून ती मराठी बोलते हेच पुष्कळ.

गाडीत बसल्याबसल्या मी विचारलं, "केतकी, बाबांची वही कुठे असेल गं?"

"कुठला वही?" ती म्हणाली. "आईला विचार. बाबांची रूम लॉक्ड असते. की आईकडे आहे."

लंडनच्या उत्तरेच्या टोकाला, स्टॅनमोरला त्यांचं घर. शालिनीवहिनी दारातच भाकरतुकडा घेऊन उभ्या. सत्त्याहत्तर वर्षांच्या, पाठ ताठ. ओवाळून टाकून झाल्यावर मी चहाच्या आधी वहीचा विषय काढला, हे माझं चुकलंच.

"वही?" वहिनी म्हणाल्या. "अहो वन्सं, ह्यांना कुठे लिहायची सवय! ह्यांचं प्रिस्क्रिप्शनसुद्धा फार्मसीवाल्याला फोन करून सांगावं लागायचं. आधी जेवून घ्या. आणि ह्यांच्या खोलीची किल्ली केतकीकडे असते."

आईकडे विचारलं की किल्ली मुलीकडे, मुलीकडे विचारलं की आईकडे. पुढचे चार दिवस ती किल्ली स्टॅनमोर आणि पिनरच्या मधल्या रस्त्यावरच पडलेली असावी. आणि त्या चार दिवसांत मला काय काय खाऊ घातलं! साबुदाण्याची खिचडी, थालीपीठ, फ्रीझरमधलं पुरण बाहेर काढून पोळ्या, नगरला आता कोणी करत नाही ती सांज्याची पोळी. मी तोंड उघडलं की त्यात घास. सकाळी वहीचं नाव काढलं तर "आज आपल्याला देवळात जायचंय." दुपारी काढलं तर "आज मैत्रिणी यायच्यात." त्या मैत्रिणी म्हणजे निवृत्त डॉक्टरांच्या बायका आणि दोन स्वतः डॉक्टर. सगळ्या प्रेमळ, सगळ्यांच्या हातात डबे. त्यातल्या एकीने विचारलं, "पुस्तक कशावर लिहिताय?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आफ्रिका का? आम्ही गेलो होतो ना सफारीला! पाच फुटांवर सिंह!" मग तासभर सिंह. वहिनी तेवढा वेळ आत जाऊन उगीचच भांडी घासत होत्या. मशीन असताना.

मला राग वहिनींचा येत नव्हता असं नाही. पण जास्त राग येत होता तो त्यांच्या चांगुलपणाचा. माणूस तोंडावर 'नाही देत जा' म्हणाला तर भांडता येतं. गरम पोळीवर तूप वाढणाऱ्याशी कसं भांडणार?

ग्रंथालय

पाचव्या दिवशी मी बंड केलं आणि शहरातल्या एका मोठ्या ग्रंथालयात गेले. तिथे कार्ड काढायला दोन ओळखपत्रं लागली. बॅग खाली ठेवायची, पेन खाली ठेवायचं, आत फक्त पेन्सिल. ते एक वेळ मान्य. मग काउंटरवरच्या सौम्य गृहस्थाने विचारलं, "कुठल्या देशाचं सैन्य?"

"व्हेंडा."

त्याने यंत्रात पाहिलं. "या नावाचा देश आमच्याकडे नाही."

"कोणाकडेच नव्हता," मी म्हटलं. "तोच तर माझा विषय आहे."

तो इतका विनयाने हसला की मला रडू यायचं बाकी होतं. दीड तासाने 'दक्षिण आफ्रिका, पोलीस व तुरुंग' या मथळ्याखाली एक बारीक पुस्तिका निघाली. आत झेंड्याचं चित्र, हत्तीचं डोकं असलेल्या मानचिन्हाचं चित्र, आणि एक फोटो. फोटोत सैनिक एका परक्या पाहुण्याला मानवंदना देत होते. पाहुणा कोण ते लिहिलेलं नव्हतं. या देशाला पाहुणे येऊन जाऊन किती येणार? मी त्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं. त्यात माधवदादा नव्हता. दुपारी वहिनींचा फोन, "वन्सं, डबा उघडलात का? आमटी वेगळी दिली आहे, सांडू नका." आमटी सांडून झाली होती.

क्रॉयडन

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर कोणीतरी पेन्सिलीने एका बिल्लेविक्रेत्यांच्या जत्रेचा पत्ता लिहिला होता. केतकीला विचारलं तर तिने फोनवर शोधून सांगितलं की ती जत्रा अजून भरते, दर महिन्याला एका रविवारी, क्रॉयडनच्या एका चर्चच्या सभागृहात, आणि योगायोगाने उद्याच आहे. "आत्या, बट क्रॉयडन म्हणजे लंडनच्या दुसऱ्या टोकाला! आणि उद्या आपली लाइन बंद आहे, रिप्लेसमेंट बस आहे."

ही रिप्लेसमेंट बस म्हणजे काय ते आपल्याकडच्या वाचकांसाठी सांगते. रविवारी रूळ दुरुस्त करतात म्हणून गाडी बंद ठेवतात आणि तिच्याऐवजी बस सोडतात. ती प्रत्येक स्टेशनाला शोधत शोधत जाते आणि कोणीही तक्रार करत नाही. आपल्याकडे अशा वेळी निदान चार माणसं ड्रायव्हरला सल्ला देतात, त्याने मन मोकळं होतं. इथे सगळे खिडकीतून बाहेर बघत गप्प. एक बस, दोन गाड्या आणि शेवटी एक ट्राम करून मी क्रॉयडनला पोचले तेव्हा माझं मन इतकं तुंबलं होतं की कोणीतरी धक्का मारला असता तरी बरं वाटलं असतं.

सभागृहात वीसेक टेबलं होती. त्यावर जगातल्या सगळ्या संपलेल्या सैन्यांचे बिल्ले. मी टेबलामागून टेबल विचारत गेले. सगळ्यात शेवटी कोपऱ्यात करड्या स्वेटरातले एक म्हातारे गृहस्थ थर्मासमधून चहा ओतत बसले होते. व्हेंडाचं नाव ऐकून त्यांनी कप खाली ठेवला.

"हे नाव घेणाऱ्या इतक्या वर्षांत तुम्ही दुसऱ्या," ते म्हणाले. "माझ्याकडे एकच आहे आणि तो मी विकत नाही. पण हातात घेऊन बघा."

टोपीवर लावायचा पितळी बिल्ला. समोरून पाहिलेलं हत्तीचं डोकं, दोन मोठे कान, खाली सोंड, दोन्ही बाजूंना एकेक सुळा. त्यांनी तो उलटा करून मागच्या दोन कड्या दाखवल्या. "यातून पिन घालून टोपीला अडकवतात. नकली बिल्ल्यांना कड्या नीट जमत नाहीत. आणि सुळे बघा, दोन्ही अगदी सारखे." मग त्यांनी विचारलं, "पहिला माणूसही तुमच्यासारखाच भारतीय होता. डॉक्टर. त्याला विकत घ्यायचा नव्हता. नुसता हातात धरून उभा राहिला, पाच मिनिटं. तुमच्या ओळखीचा होता का?"

मी म्हटलं, "माझा भाऊ."

परत स्टॅनमोर

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींची कंबर धरली. "वन्सं, आज पूजा तुम्ही कराल का? मला वाकता येत नाहीये." मी आनंदाने हो म्हटलं, कारण निदान तेवढा वेळ कोणी खायला घालणार नव्हतं.

त्यांचा देव्हारा स्वयंपाकघरातच, मायक्रोवेव्हच्या वरच्या फळीवर. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, टाक, आणि मधोमध शेंदराने माखलेला छोटासा गणपती. फुलं आणि शेंदूर यांच्यामुळे त्याची फक्त सोंड तेवढी कळायची. मी देव ताम्हनात घेतले. आमच्या नगरच्या घरची रीत अशी की पितळेच्या देवांना सोमवारी चिंच लावून लखलखीत करायचं. शेंदराच्या देवाला चिंच लावायची नसते हे मला समजायला हवं होतं. पण मी आधीच इतकी वैतागलेली होते की हाताला जे लागलं ते घासत सुटले. शेंदराचा थर ओघळून आला. खालून मोठे कान निघाले. मी तो देव उलटा केला. मागे दोन कड्या होत्या.

फरक एकच. एक सुळा अर्धा होता. आणि त्याच्या टोकावर कानशीने घासल्याच्या बारीक रेघा होत्या.

"शेंदूर कशाला काढलात?" मागून आवाज आला. वहिनी खुर्चीचा आधार घेऊन उभ्या होत्या.

"वहिनी, हा गणपती नाही. हा..."

"मला सांगता?" वहिनी म्हणाल्या. "तीन वर्षं रोज सकाळी मी तो ह्यांच्या टोपीला लावत होते. मला काय टोपीचा बिल्ला आणि गणपती कळत नाही?" त्या खुर्चीवर बसल्या. "इथे परत आल्यावर ह्यांनी तो टाकायला काढला, टाकवेना. ठेवायला कपाट उघडलं, ठेववेना. आठ दिवस खिशात घेऊन फिरले. म्हटलं, द्या इकडे. देव्हाऱ्यात ठेवलेल्या गोष्टीला कोणी 'हे कुठून आणलं' विचारत नाही."

"आणि सुळा?"

"मी घासला. नखं घासायच्या कानशीने, चार दुपारी लागल्या," वहिनी म्हणाल्या. "दोन सुळ्यांचा गणपती कसा चालेल?"

एवढ्या रागात मला हसू आलं, आणि त्यांनाही. मग त्यांनी देव्हाऱ्याखालचा ड्रॉवर उघडला. वाती, कापूर, उदबत्त्यांचे पुडे, आणि तळाशी लाल वस्त्रात गुंडाळलेली पोथी. पोथी नव्हेच ती. हळदीकुंकवाने वरचा पुठ्ठा पार रंगलेली वही.

मी इतके दिवस किल्ली शोधत होते. ज्या खोलीला कुलूप होतं त्या खोलीत नुसती माधवदादाची जुनी मासिकं होती, असं वहिनींनी मागाहून सांगितलं.

"रोज एक पान वाचते," त्या म्हणाल्या. "आजचं ऐका." माधवदादाचं अक्षर त्यांना घडाघडा वाचता येत होतं. 'मला कुठल्या मेसमध्ये जेवायला बसवावं यावर तीन दिवस पत्रव्यवहार चालू आहे. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये मी गोरा नाही. शिपायांच्या मेसमध्ये मी अधिकारी आहे. साहेब फार सभ्य आहेत, रोज माझी क्षमा मागतात आणि रोज मला ताटकळत ठेवतात. शालिनीने आज डबा दिला. दवाखान्यात कपाटाआड बसून जेवलो. बाहेर रांगेत जे शिपाई उभे होते, त्यांची कोणीच क्षमा मागत नव्हतं. मी पोटभर जेवून त्यांना लस टोचायला बाहेर आलो. अण्णांना हे कसं कळवू?'

अण्णा म्हणजे माझे मामा.

वाचून झाल्यावर वहिनींनी वही मांडीवर दाबून धरली. "पगार चांगला होता, बंगला होता, आणि इथल्या हॉस्पिटलात ह्यांना वरची जागा मिळत नव्हती. म्हणून गेलो. बोट्स्वाना ही कल्पना माझी. तिथल्या राजधानीत, गाबोरोनीत, एक ओळखीचे कंपाउंडर होते, मी पत्रं त्यांच्याकडे पाठवायची, ते तिथलं तिकीट लावून नगरला टाकायचे. मामंजींची पत्रंही तसंच फिरून यायची. आम्ही इथे परत आलो आणि वर्षाच्या आत मामंजी गेले. त्यानंतर ह्यांनी जन्मभर गोड खाल्लं नाही. म्हणायचे, बापाला मी खोट्यातच मरू दिलं." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुम्हाला वही द्यायला मला हरकत नव्हती हो, वन्सं. पण तुम्ही ती छापणार. नगरला सगळे वाचणार. मामंजींचं नाव आहे तिथल्या चौकाला. लोक म्हणतील, बघा, ह्यांचा मुलगा कोणाच्या चाकरीत होता, आणि म्हातारा आंधळाच गेला."

आता मला बोलणं भाग होतं. जे पहिल्या दिवशी, चहाच्या आधी बोलायला हवं होतं, खरं तर दोन वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं, ते मी सातव्या दिवशी चिंचेच्या हातांनी बोलले.

"वहिनी, मामांना माहीत होतं."



मी सांगितलं. पहिल्याच वर्षीचं पत्र. 'सकाळी धुकं असतं आणि खिडकीतून चहाचे मळे दिसतात.' मी वाचून पुढे गेले तर मामा म्हणाले, "थांब. अॅटलास काढ. बोट्स्वाना कसा आहे ते वाच." मी वाचलं, बहुतेक भाग वाळवंट. पाऊस अगदी थोडा. मामा काठीवर हनुवटी टेकून बसले. मग म्हणाले, "त्याच्या आसपास चहा कुठे होतो, बघ." मी नकाशावर बोट उजवीकडे सरकवत गेले, ते दक्षिण आफ्रिकेत पोचलं आणि मी बोलायची थांबले. ते म्हणाले, "पुरे. पत्रावर काय लिहिलंय? बोट्स्वाना ना? मग बोट्स्वानाच वाच. इथून पुढेही तसंच वाचायचं. आणि उत्तर घे लिहून. लिही, चहाच्या मळ्यांबद्दल आणखी कळव. ऐकायला बरं वाटतं."

वहिनींचा हात वहीवरून सुटला. "प्रत्येक पत्रात विचारायचे," त्या हळूच म्हणाल्या. "चहाची तोडणी झाली का, बायका तोडतात की पुरुष, धुकं किती वाजता जातं. आम्ही म्हणायचो, म्हातारपणी मामंजींना चहाचं काय वेड लागलंय. हे तर हसायचे." मग त्या एकदम थांबल्या. चेहरा लाल झाला. "आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"मामांनी कोणालाच सांगू नकोस म्हटलं होतं."

"ते जाऊन पस्तीस वर्षं झाली! ह्यांनी तुम्हाला पत्र लिहिलं होतं, हो ना? मला माहितीये, पोस्टात मीच टाकलं. सहा आठवडे होते तुमच्याकडे. एक ओळ लिहायची होती, वन्सं. एक ओळ. फोन करायचा होता. तुम्ही काय लिहिलंत? व्हिसा मिळाला की निघते!"

सात दिवस मी या बाईवर चिडत होते, की हिच्याकडे आहे ते ही देत नाही. आणि माझ्याकडे जे होतं ते मी समक्ष सांगायचं म्हणून ट्रंकेच्या तळाशी ठेवल्यासारखं ठेवून दिलं होतं. त्या माणसाने तेहतीस वर्षं गोड खाल्लं नाही, त्यातले शेवटचे सहा आठवडे तरी माझ्या हातात होते. मला माझाच इतका राग आला की मी ताम्हनातलं पाणी सिंकमध्ये ओतताना बाळकृष्णही त्यात ओतला, आणि वहिनींनीच तो धावत येऊन काढला. कंबर धरलेली असताना.

मग त्यांनी वही पुन्हा लाल वस्त्रात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "छापा," त्या म्हणाल्या. "सगळं छापा. मेस, टोचणं, बोट्स्वाना. पण मामंजींचा चहा त्यात आला पाहिजे. तो आला नाही तर मी नगरला येऊन भांडेन."

मी हो म्हटलं आणि निघायला उठले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"कुठे चाललात? तुम्हाला वाचून दाखवायची सवय आहे ना? या इकडे."

बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर माधवदादाचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. वहिनींनी मला त्याच्यासमोर उभं केलं आणि स्वतः बाजूला पदर सावरून उभ्या राहिल्या. मी घसा साफ केला. एकतीस वर्षं वर्गात बोललेली बाई मी, पण पुटपुटायलाच लागले. म्हटलं, दादा, अॅटलास काढायला सांगितला होता त्यांनी, आणि मग सांगत गेले, काठी, धुकं, तोडणी, 'बोट्स्वानाच वाच'.

"मोठ्याने," वहिनी म्हणाल्या. "शेवटी शेवटी ह्यांना कमी ऐकू यायचं."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.